आईला समुद्र दाखवायचा आहे. दीवला मुक्कामी जावं का?

पूर्णाकाठ (८ डिसेंबर, रात्री ९.२०)

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथं विहिरी-बोरचं पाणी खारं. आई ७२ वर्षांची. पंढरपूर, आळंदी, शेगाव, त्र्यंबकेश्वर सगळं तिचं झालं, पण समुद्र काही पाहिलेला नाही. परवा वेचणीच्या बायांसोबत बांधावर भाकर खात असताना कोणीतरी मोबाईलवर समुद्राचा व्हिडिओ दाखवला. तेव्हापासून तिनं मला दोनदा विचारलं, "त्या पाण्याले पल्याडचा काठ दिसतच नाई काय रे?" तिनं आजवर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. हेही मागणं नव्हतंच, नुसता प्रश्न होता, पण तो मनातून जात नाही.

जानेवारीच्या शेवटी तूर सोंगून घरात येईल, हरभरा घाट्यावर असेल, तेव्हा आठ दिवस मोकळे निघतात. आई, मी, बायको आणि नववीतली मुलगी असे चौघं जाऊ. आधी कोकण डोक्यात होतं. पण गावातला एक जण सोमनाथच्या यात्रेत अर्धा दिवस दीवला जाऊन आला. तो म्हणतो, बेट आहे, जुनं शहर आहे, किल्ला थेट समुद्रात आहे आणि सगळं शांत आहे. याहून जास्त त्याला सांगता आलं नाही. तिथं कोणी राहून आलं असेल तर सांगा. आईचे गुडघे दुखतात. गळ्यात माळ आहे, त्यामुळे जेवण शाकाहारी लागेल.

नीलमोहर (८ डिसेंबर, रात्री १०.०५)

दादा, जरूर जा, पण अर्धा दिवस करू नका. मी यवतमाळची. दोनदा राहून आले, एकदा सासू-सासरे सोबत होते. सोमनाथहून येणाऱ्या गाड्या दुपारच्या आत माणसं उतरवतात, किल्ल्यात तासभर, नागोआला तासभर, की लगेच परत. म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला त्यात फक्त चढउतार येते. निदान तीन मुक्काम ठेवा.

बेट लहान आहे, साधारण ४० चौरस किलोमीटर. पूर्वेच्या टोकाला जुनं शहर आणि किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे कोळ्यांचं बंदर, मधे फुदम, नागोआ अशी गावं. घोघला मात्र बेटावर नाही. ते खाडीच्या अलीकडे मुख्य जमिनीवर आहे आणि मधे पूल आहे. नागोआचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, देखणा आहे, पण बोटी, स्कूटर, ओरडा सगळा तिथंच. आईंसाठी घोघला बघा. लांबच लांब सपाट वाळू आहे. २०२० मध्ये त्या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, तेव्हापासून स्वच्छता चांगली ठेवतात. खोली शहरातच घ्या.

आणि एक घडीची खुर्ची सोबत न्या. हसू नका, खरंच सांगते. वाळूत खाली बसलं की गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही, आणि बसायला काही नसलं की ती माणसं पाच मिनिटांत "चला आता" म्हणतात.

गावरान_तूर (९ डिसेंबर, सकाळी ७.१५)

भाऊ, राग नोका मानू. कापसाले भाव नाई, सोयाबीन पावसानं नेलं, अन् आपण समुद्र पाहाले जाऊन रायलो. मायले समुद्र दाखवाचा हाय त मुंबई काय वाईट हाय? अकोल्याहून गाडी थेट जाते. रातच्याले बसा, सकाळी उतरा, चौपाटी दाखवा, दुसऱ्या दिवशी घरी या. एवढ्या दूर गुजरातेत कायले जा लागते?

अंबाडी (९ डिसेंबर, दुपारी १.३०)

मी सेलूकडची, वर्धा जिल्हा. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ती का हवी हे घराघरातल्या बायांना माहीत आहे. गुजरातेतही दारूबंदी आहे, पण दीव केंद्रशासित असल्यानं तिथं दारू उघड मिळते, आणि पिण्यासाठीच लोक तिथं जातात असं ऐकलं आहे. दादासोबत आई आहेत, नववीतली मुलगी आहे. हा मुद्दा कोणी नीट सांगावा.

नीलमोहर (९ डिसेंबर, दुपारी ४.१०)

ताई, बरोबर बोललात. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांना गुजरातेतून गाड्या भरभरून येतात. तेव्हा नागोआला संध्याकाळी बायामाणसांना अवघडल्यासारखं होतं. सोमवार ते गुरुवार बेट अगदी वेगळं असतं. मी दोन्ही वेळा मधल्या वारी गेले. सासूबाई आणि मी रात्री नऊला जेटीजवळ फिरून आलो, कोणी मान वर करून पाहिलं नाही. परतताना गुजरातच्या हद्दीवर गाड्या तपासतात, तेव्हा भाड्यानं गाडी केलीत तर चालकाला आधीच बजावून ठेवा.

पूर्णाकाठ (९ डिसेंबर, रात्री ८.४५)

गावरान_तूर भाऊ, राग कसला. खर्चाचं मी रात्र रात्र मोजलं आहे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढूनच हा विचार करतो आहे. मुंबई नको वाटते, कारण आई गर्दीला घाबरते. पंढरीच्या गर्दीत ती माऊलीच्या भरवशावर असते, स्टेशनच्या गर्दीत तिचा हात थरथरतो. आणि तासाभरात दाखवून आणायचं असं मनात नाही. तिला तिच्या मनानं बसू द्यायचं आहे.

अंबाडीताई, नीलमोहरताई, सोमवार ते गुरुवार ठरलं.

अचलपूरचा_मास्तर (१० डिसेंबर, सकाळी ११.००)

पूर्णाकाठ, आपल्या वऱ्हाडाचं आणि दीवचं एक जुनं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ३१ वर्षं इतिहास शिकवला.

सोळाव्या शतकात आमचं अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती. अलाउद्दीन इमादशहाचं अहमदनगरच्या निजामशहाशी वैर होतं. पाथरी, माहूर या भागावरून ते पेटलं. एकट्यानं निभेना, तेव्हा त्यानं १५२८ च्या सुमारास गुजरातच्या सुलतानाला, बहादूरशहाला, मदतीला बोलावलं. बहादूरशहा फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला. हा त्या काळचा मोठा बलाढ्य माणूस. पुढं त्यानं माळवाही घेतला.

त्याच बहादूरशहाचा शेवट दीवच्या पाण्यात झाला. १५३५ मध्ये हुमायूननं गुजरातवर स्वारी केली, सुलतान हरत हरत दीवपर्यंत मागे आला. तिथं त्यानं पोर्तुगीजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात किल्ला बांधायची परवानगी दिली. पोर्तुगीज कितीतरी वर्षं हीच संधी शोधत होते. १५०९ मध्ये त्यांनी दीवसमोरच्या आरमारी लढाईत इजिप्तच्या आणि गुजरातच्या जहाजांना हरवलं होतं, पण बेट हाती आलं नव्हतं. खंबातच्या आखातातून कापड भरून तांबड्या समुद्राकडे जाणारी गलबतं दीवजवळून जात. दीव हातात असलं की त्यांचा जकातनाका हातात. हुमायून परत फिरला तसा सुलतानाला आपण काय देऊन बसलो ते उमगलं. फेब्रुवारी १५३७ मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याला भेटायला जहाजावर गेला. परतताना झटापट झाली आणि तो समुद्रात मारला गेला. त्यानंतर १५३८ मध्ये तुर्की आरमार थेट सुवेझहून दीववर चालून आलं, १५४६ मध्ये दुसरा वेढा पडला. किल्ला दोन्ही वेळा टिकला.

दुसऱ्या वेढ्यानंतरची एक गोष्ट आईंना जरूर सांगा. तटबंदी पार ढासळली होती, दुरुस्तीला पैसा नव्हता. पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोनं गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. आपण सातबारा गहाण ठेवणारी माणसं, आपल्याला या तारणाचं वजन कळतं.

फौजी_मेहकर (१० डिसेंबर, रात्री ९.३०)

गुरुजींचं वाचून आनंद झाला. पुढचं मी सांगतो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव एकाच कारवाईत मोकळे झाले. दमणवर आपली मराठा लाइट इन्फंट्री होती. दीवला आपल्या आयएनएस दिल्लीनं समुद्रातून किल्ल्यावर तोफा डागल्या. १९ डिसेंबरला सव्वाचारशे वर्षांचा अंमल संपला.

पण मला दहा वर्षांनंतरचं सांगायचं आहे, आणि कालच ९ डिसेंबर होता. १९७१ च्या युद्धात त्या तारखेच्या रात्री दीवच्या समुद्रात आपल्या आयएनएस खुकरीवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं टॉर्पेडो सोडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, तेही जहाजासोबत गेले. त्यांना महावीर चक्र मिळालं. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ टेकाडावर स्मारक आहे, समोर तोच समुद्र. त्याच नावाची पुढची युद्धनौका २०२१ मध्ये निवृत्त झाली, तीही दीवला दिली आहे. मी पायदळातला, तरी तिथं उभा राहिलो तेव्हा पाय हलले नाहीत. भाऊ, तिथं गेलात तर माझ्याकडून एक फूल ठेवा.

पूर्णाकाठ (११ डिसेंबर, सकाळी ६.५०)

फौजी काका, ठेवीन. गुरुजी, हे सगळं मुलीला वाचून दाखवलं, ती नकाशा घेऊन बसली आहे. आता गाडीचं कोणी सांगा.

नीलमोहर (११ डिसेंबर, सकाळी ९.४०)

शालिमार-पोरबंदर एक्सप्रेस (पूर्वीची हावडा-पोरबंदर) आपल्या बडनेरा, अकोल्यावरून जाते, रोज नसते, वार बघून घ्या. तिनं राजकोटला उतरा, तिथून जुनागडवरून वेरावळ. किंवा अहमदाबादला उतरून रात्रीच्या गाडीनं वेरावळ गाठा. वेरावळहून सोमनाथ अगदी जवळ, आणि दीव कोडीनार-ऊना मार्गे ९० किलोमीटरच्या आसपास. गीरच्या जंगलातून देलवाड्यापर्यंत एक छोटी मीटरगेज गाडीही जाते. देलवाड्याहून दीव जवळच. मुलीला त्या गाडीत बसवा. आपली शकुंतला मूर्तिजापूर-यवतमाळ धावायची, त्या चालीची आठवण येते. तेव्हाचं गार्ड, स्टेशनमास्तर, खिडकीतून आत येणाऱ्या फांद्या, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं.

पूर्णाकाठ (१० फेब्रुवारी, रात्री ८.३०)

परत येऊन आठ दिवस झाले. हरभऱ्याच्या राखणीत वेळ मिळेना. आता सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी सांगितलं म्हणून हे जमलं.

निघायच्या आधी मुलीनं एक गोष्ट शोधून काढली. आपलं मूर्तिजापूर आणि दीव जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पावणेएकवीस अंश उत्तर. आपल्या शेतातून नाकासमोर मावळतीला चालत सुटलं तर साडेसहाशे-पावणेसातशे किलोमीटरवर दीवच लागेल. हे आईला सांगितलं तर तिला प्रवासाची अर्धी भीती उरली नाही. "म्हंजे आपल्याच धुऱ्यावर हाय," म्हणाली. धुरा म्हणजे शेताचा बांध.

राजकोटवरून वेरावळ, सोमनाथचं दर्शन, एक मुक्काम. तिथून दीवसाठी केलेल्या गाडीवाल्यानं पूर्ण भाडं घेऊन ऊनाच्या स्टँडवरच उतरवलं. पुढं जायला नाही म्हणाला. आईला त्या उन्हात दीड तास बसावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं. गाडी ठरवताना "दीव शहरात, खोलीच्या दारापर्यंत" असं बोलून घ्या आणि उरलेले पैसे तिथं उतरल्यावरच द्या. शेवटी बसनं गेलो. घोघल्याच्या पुलावर आलो तेव्हा खाली खाडी होती, रंगवलेल्या होड्या होत्या आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. आईनं पदर नाकाला लावला, पण खिडकी लावू दिली नाही.

पहिल्या संध्याकाळी घोघल्याला गेलो. नीलमोहरताई, खुर्चीसाठी तुमचे उपकार कसे फेडू. निळी, घडीची, अकोल्याला घेतली. पाण्यापासून वीस पावलांवर मांडली. आई अर्धा तास काहीच बोलली नाही. मग उठली, चंद्रभागेला करते तसा नमस्कार केला, घरून आणलेलं हळदकुंकू वाहिलं. पाणी पायाला लागलं तशी मागं सरली, पुन्हा पुढं गेली. बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या बोरचं पानी याच्यापुढं गोड हाय रे." खारपाण पट्ट्यात जन्म काढलेल्या बाईचं हे वाक्य आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून गोड्या पाण्यासाठी तिनं डोक्यावर हंडे वाहिले, नळयोजना आली तेव्हा कुठं सुटली. तिनं ते चवीवरून सांगितलं, सहज.

मग तिनं तोच प्रश्न विचारला, पल्याडच्या काठाचा. मुलगी तयारीतच होती. "आजी, काठ आहे. या समुद्राच्या मावळतीला सरळ गेलं की ओमान लागतं. तेही आपल्याच धुऱ्यावर आहे, पण इथून दिसत नाही." आईचं समाधान झालं. काठ आहे एवढंच तिला हवं होतं.

पूर्णाकाठ (१० फेब्रुवारी, रात्री ९.२५)

पुढचं लिहितो.

दुसऱ्या दिवशी किल्ला. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. आपण गाविलगड, नरनाळा पाहिलेली माणसं, उंची नसलेला किल्ला आधी किल्ला वाटत नाही. आत गेल्यावर कळतं. डोंगर जे राखण करतो ते इथं पाणी करतं. जागोजागी तोफा समुद्राकडे तोंड करून, दगडी आणि लोखंडी गोळे पडलेले, टोकाला दीपगृह. समोर खाडीच्या तोंडाशी पाण्यातच बांधलेला छोटा कोट, त्याला पाणीकोठा म्हणतात. उतार घडीव आहे, आई हळूहळू आली, तीन ठिकाणी खुर्ची मांडली. तिला तोफांपेक्षा पावसाचं पाणी साठवायची टाकी महत्त्वाची वाटली. चारी बाजूला खारं पाणी आणि आत महिनोन्महिने अडकलेली माणसं प्यायची काय, हे तिनं सगळ्यात आधी विचारलं. टाक्याच्या काठावर बसून गुरुजींची दाढीच्या तारणाची गोष्ट सांगितली. "फेडलं का त्यानं?" एवढंच तिनं विचारलं. गुरुजी, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारी जुन्या शहरात फिरलो. झांपा दरवाजा, अरुंद गल्ल्या, पिवळी-निळी घरं, नक्षीची दारं. सेंट पॉलचं चर्च १६०१ ते १६१० या काळात बांधलेलं, आतलं लाकडी कोरीवकाम पाहून बायको हरखून गेली. सेंट थॉमसच्या चर्चचं आता संग्रहालय झालं आहे, सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये दवाखाना. आई चपला बाहेर काढून आत बाकावर बसली, डोळे मिटले, तिला कोणी काही म्हटलं नाही.

गल्लीत बरीच घरं कुलूपबंद दिसली. आमच्या खोलीच्या मालकीणबाईंनी सांगितलं की १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या कागदावर कितीतरी घरं पोर्तुगालला आणि तिथून इंग्लंडला गेली. आई त्या कुलपांकडे बघत होती. आमच्या गल्लीतही सात घरांना कुलूप आहे, पोरं पुण्याला. मालकीणबाई आणि आई, एक गुजराती, एक वऱ्हाडी, ओट्यावर बसून तासभर बोलल्या. काय समजलं असेल ते असेल, दोघींनी डोळे पुसले.

जेवणाची चिंता फुकट होती. बाजरीचा रोटला, कढी, आणि "ओळो" म्हणून जे आलं ते आपलं वांग्याचं भरीत. डाळ गोड असते, आईनं घरचा ठेचा काढला. मालकीणबाईंना दिला, त्यांनी उरलेली बाटली ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी फुदमजवळ गंगेश्वर. समुद्राच्या कडेला खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापली असं सांगतात, आणि भरतीच्या लाटा येऊन त्यांच्यावर पाणी घालून जातात. पायऱ्या आहेत, ओल्या असतात, हात धरून न्या. आई तिथून दोन तास हलली नाही. आयुष्यभर तिनं तांब्यानं पिंडीवर पाणी घातलं, इथं समुद्रच घालत होता. एक कोळीण शेजारी होती, म्हणाली, आज "आठम" आहे म्हणून पाणी कमी चढतं, अमास-पूनमेला या. आई मला म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच तिथी पायतेत!" भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून आदल्या दिवशी कोणाला तरी वेळ विचारून ठेवा, नाहीतर कोरडी लिंगं पाहून परत याल.

वाटेत होकाची झाडं दिसतात. ताडाच्या जातीचं झाड, पण खोडाला फांद्या फुटलेल्या. आपल्या शिंदीला, ताडाला एकच शेंडा असतो, तो खुडला की झाड मेलं. हे झाड पाहून आईनं रिक्षा थांबवायला लावली आणि खाली उतरून हात लावून आली. नायडा गुंफाही पाहा. किल्ल्यासाठी दगड काढून काढून झालेल्या पोकळ्या आहेत, वरून ऊन झिरपतं. आई रिक्षातच थांबली, आम्ही तिघं जाऊन आलो.

शेवटच्या संध्याकाळी खुकरी स्मारक. फौजी काका, मुलीनं तुमचं फूल ठेवलं. शेवंतीचं होतं, झांपा बाजारातून घेतलं. तुमचं नाव माहीत नव्हतं म्हणून तिनं मनात "मेहकरचे काका" म्हटलं. मग तिथंच मावळतीकडे तोंड करून बसलो. तेवढ्यात घरून भावाचा फोन आला, हरभऱ्यात रोही (नीलगायी) शिरले होते ते सांगायला. बोलता बोलता म्हणाला, सूर्य बुडाला, आता दिसत नाही. इकडं सूर्य अजून पाण्याच्या हातभर वर होता. मुलीनं घड्याळ लावलं. आपल्याकडे बुडाल्यावर दीवला साधारण २५ मिनिटांनी बुडतो, कारण आपण तेवढे उगवतीला आहोत. आई फोनमध्ये ओरडून भावाला सांगत होती, "अरे, अजून हाय! मले दिसून रायला!"

गावरान_तूर (११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०)

भाऊ, वाचून डोये भरून आले. मी मुंबईचं बोललो होतो, ते वापस घेतो. माही माय गेल्या साली गेली, तिनंबी समुद्र पायला नव्हता. खर्च किती आला तेवढं खरं खरं सांगा. आता बापाले न्याचं मनात हाय.

पूर्णाकाठ (११ फेब्रुवारी, दुपारी २.१५)

भाऊ, काय बोलू. आईचं ऐकून फार वाईट वाटलं.

खर्च खरा सांगतो. चौघांचा येणं-जाणं, खोली, जेवण, रिक्षा मिळून साडेतीन क्विंटल कापसाएवढा झाला, यंदा मी ज्या भावानं घातला त्या भावानं. रेल्वेत स्लीपरनं गेलो. खोली पंखेवाली घेतली, थंडीत एसी लागत नाही. सगळ्यात जास्त पैसे रिक्षा-गाडीत गेले, तिथं कमी करता येईल. बेटावर बसही फिरते.

अचलपूरचा_मास्तर (११ फेब्रुवारी, सायंकाळी ५.००)

आईंचा प्रश्न फार मोलाचा आहे. गोष्ट अशी सांगतात की गोवेकरांनी पैसे दिले आणि केस सन्मानानं परत पाठवले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

फौजी_मेहकर (११ फेब्रुवारी, रात्री ८.१०)

मुलीला आशीर्वाद. तिचा निरोप पोहोचला.

अंबाडी (११ फेब्रुवारी, रात्री ९.००)

दादा, मुलीला आणि वहिनींना संध्याकाळी कुठं अडचण आली का, तेवढं सांगा. आमच्या बचत गटातल्या नऊ जणी मनावर घेत आहेत.

पूर्णाकाठ (१२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०)

ताई, शहरात आणि घोघल्याला काहीच नाही. बुधवारी संध्याकाळी नागोआला गेलो होतो, तिथं दोन टोळकी पिऊन दंगा करत होती, आम्ही दहा मिनिटांत निघालो. बायको म्हणते, नागोआ सकाळी करा, तेव्हा किनारा रिकामा असतो आणि पाणीही स्वच्छ. नऊ जणी असाल तर घोघल्याला संध्याकाळ काढा.

गावरान_तूर (१२ फेब्रुवारी, रात्री ९.५०)

भाऊ, बाप ८० चा हाय, डाव्या पायानं अधू. किल्ला जमन काय? अन् मार्चात गेलं तं चालन काय? चणा काढल्याबिगर निघता येत नाई.

पूर्णाकाठ (१३ फेब्रुवारी, सकाळी ६.१५)

मार्चमध्ये दुपार तापते, सकाळ-संध्याकाळच बाहेर पडा, दुपारी खोलीत झोपू द्या. किल्ल्यात दरवाजाच्या आतपर्यंत न्या, तिथूनही समुद्र दिसतो, वर चढवू नका. गंगेश्वरच्या पायऱ्या त्यांना नको, ओल्या असतात. घोघल्याला पुलाकडून चालत न जाता किनाऱ्याच्या दाराशी रिक्षा न्या, तिथून वाळू जवळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीच्या वेळी गेलात तर पाणी पार वरपर्यंत येतं, त्यांना चालावं लागणार नाही.

खुर्ची नवी घेऊ नका. आमची ओसरीत पडली आहे, दर्यापूरच्या बाजाराच्या दिवशी या आणि घेऊन जा.